सोमवारची प्लेट

१४ जुलै २०२५, अमरावती

गावाहून सकाळच्या गाडीने आलो आणि घरी न जाता थेट विभागात गेलो. रागिणी उमाळे लॅबच्या दारातच उभी होती. ही माझ्याकडे पीएच.डी. करते. हातात काचेची चपटी प्लेट. म्हणाली, "सर, आधी हे पाहा. चपला मागाहून काढा."

प्लेट खिडकीशी धरली. पू करणाऱ्या जंतूचा दुधाळ थर सगळीकडे पसरलेला, आणि मध्यभागी तिच्या जंतूची एक सुरकुतलेली, खरबरीत, झेंडूच्या रंगाची, पुंजक्यासारखी कॉलनी. तिच्याभोवती रुपयाएवढं आरपार वर्तुळ. तिथे पू करणारा एकही जंतू जगला नव्हता. वर्तुळातून बाहेरच्या कडुनिंबाचं पान न पान दिसत होतं.

"निंबाचं झाड दिसतंय," मी बोलून गेलो.

"हो ना सर!" ती लहान मुलीसारखी हसली.

हा जंतू तिने बापाच्या झेंडूच्या वावरातून आणला. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांची शेती आहे. औषध तयार करण्याची सगळी जनुकं या जंतूत असतात, पण एक प्रथिन त्यांच्यावर कुलपासारखं बसून राहतं. पोटभर अन्न आहे तोवर कुलूप बंद. अन्न संपत आलं, गर्दी झाली, की जंतू एक बारीक रसायन बाहेर सोडतात, ते कुलपाला जाऊन चिकटतं, कुलूप निसटतं आणि औषध तयार होऊ लागतं. रागिणीने ते कुलूप बनवणारं जनुकच मोडलं. आता तिचा जंतू भरल्या पोटीही औषध बनवतो. ज्या जंतूंवर दवाखान्यातली नेहमीची औषधं चालत नाहीत, त्यांच्यावर ते चालतं असं दिसतं आहे.

मी म्हणालो, "बरं."

"बरं म्हणजे, सर?"

"बरं म्हणजे बरं. पुन्हा करून पाहा."

तिचा चेहरा उतरला. मला आतून आनंद झाला होता, हे इथे लिहितो. पण शाबासकी लगेच दिली की विद्यार्थी तिथेच फतकल मारून बसतो. मला कुणी दिली नव्हती.

सप्टेंबरअखेर तिच्या नोंदणीची मुदत संपते. त्याआधी विद्यापीठाने नेमलेल्या परीक्षक डॉ. हर्षा निंभोरकर अकोल्याहून येऊन हे वर्तुळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. दिसलं तर प्रबंध पुढे जाईल. न दिसलं तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात. देवाच्या मनात असेल तसं.

१७ जुलै

रागिणी म्हणते, या जंतूच्या बारीक नळ्या भरून फ्रीझरमध्ये गोठवून ठेवू, म्हणजे मूळ तसंच्या तसं राहील. मी नको म्हणालो. तीन उन्हाळ्यांमागे लाईन गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि सगळ्या विभागाने जपलेली जंतूंची कल्चर्स वितळून नासली. फक्त माझी वाचली, कारण मी त्यांना गोठवत नाही. दर सोमवारी जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर घेतो. जिवंत गोष्ट जिवंतच ठेवावी.

हे मी आईकडून शिकलो. तिच्याकडे लग्नात माहेराहून आणलेलं विरजण होतं, ते ती जाईपर्यंत चाललं. रोज कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. आमच्या गावात कुणाचं दही बिघडलं तर आमच्याच घरी वाटी घेऊन येत. तिने फ्रीज पाहिलाही नव्हता.

"सर, दही वेगळं," रागिणी म्हणाली.

तिच्या जंतूची सोमवारची प्लेट आता मी स्वतः करणार. सेवा म्हणूनच करीन.

२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

पूजा करून, काही न खाता विभागात गेलो. प्लेट उघडली. पुष्कळ कॉलन्या होत्या. बहुतेक बारक्या, सुरकुतलेल्या, पिवळट. पण एका कडेला दोन-तीन टपोऱ्या, गुळगुळीत, मोगऱ्याच्या कळीसारख्या पांढऱ्या. देवाला फूल तोडताना आपण किडकं तोडत नाही. मी त्यातली सर्वांत सुबक तारेच्या लूपने उचलली आणि नव्या प्लेटवर ओढली.

दुपारी रागिणीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. लिहिते चांगलं. या जातीचे जंतू मातीत धाग्यांचं जाळं करून राहतात. अन्न संपलं की जुने धागे स्वतःला विरघळवून टाकतात. त्यांच्या रसावर नवे धागे पोसतात आणि वर हवेत उभे राहतात. तो रस दुसऱ्या कुणी येऊन खाऊ नये म्हणूनच जंतू औषध बनवतो. जुना मेल्याशिवाय नवा वर येत नाही, असं वाक्य तिने लिहिलं आहे. मी ते खोडलं. शास्त्रीय लिखाणात अशी वाक्यं शोभत नाहीत.

दिवसभर मात्र ते डोक्यात होतं. पुढच्या वर्षी मला पन्नास पूर्ण होतील.

एक गोष्ट मात्र पटली. जे मोलाचं आहे ते उपासातूनच बाहेर येतं. भरलेल्या पोटी जंतूसुद्धा काही करत नाही. रागिणीचं पोट भरलेलं आहे. हुशारी आहे, बाप लाड करतो, आता वर्तुळही आलं. तिची भूक राखली पाहिजे. तिने पुण्याच्या परिषदेला जायची परवानगी मागितली होती. नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

रागिणीचे वडील आले होते. चंद्रभान उमाळे. माझी जपाची माळ चालू होती म्हणून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. माळ झाल्यावर लगेच उठावंसं वाटलं नाही, म्हणून आणखी एक केली.

आत आले ते पिशवी घेऊन. वांगी, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणि वर झेंडू.

"रामराम जी सर. देवासाठी आणले. तुमी पूजा करता म्हणे पोरगी."

मी म्हणालो, "बसा."

ते खुर्चीच्या टोकावर बसले. "माह्या वावरातली माती नेली तिनं. लोकं हासत होते, उमाळेची पोरगी शिकून शिकून माती उकरून राहिली म्हने. आता सांगते का त्या मातीत औषध निंगालं. म्या म्हटलं, असे कामाचे जंतू हायेत हे माईत असतं तं त्यायलेच निंदाले लावलं असतं, बायायची मजुरी वाचली असती."

ते मोठ्याने हसले. मी हसलो नाही. ते माझ्या शेजारच्याच गावचे, माझा बापही असाच बोलायचा, तरी मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीतच बोललो. विभागात तेच बरं.

"संशोधन असं चटकन होत नसतं," मी म्हणालो.

"होय जी. पन तो गोल पडला ना? पोरगी रातभर सांगत होती फोनवर. तिची माय रडली."

"पडला, असं ती म्हणते."

त्यांचा हात पिशवीवरच राहिला. "म्हंजे? नाई पडला का जी?"

"ते सिद्ध व्हायचं आहे."

"मंग माह्याशी लबाड बोलली का ती?"

मी गप्प बसलो. घरच्यांनी आधीच हुरळून जाऊ नये, एवढाच हेतू होता. ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "तिले तुमच्या हवाली केलं सर. बिघडली असंन तं सरळ करा." जाताना लॅबकडे न जाता तसेच जिना उतरले. रागिणी मागाहून धावत आली, "बाबा आले होते का, सर? मला न भेटता का गेले?"

मी तिला वांगी दिली. झेंडू ठेवून घेतले.

११ ऑगस्ट

सोमवार. प्लेटवर आता बहुतेक सगळ्या कॉलन्या पांढऱ्या, टपोऱ्या. पिवळी घाण कमी झाली. हात चांगला असला की जंतूही सुधारतो.

२२ ऑगस्ट, पोळा

सुट्टी असूनही रागिणीने लॅब उघडायला लावली. करिश्मा आणि एम.एस्सी.ची आणखी दोघं-तिघं होती. प्लेट समोर ठेवली. वर्तुळ नव्हतं. निरखून पाहिलं तर कडेला नखाएवढी फिकट खूण.

"सर, आपला जंतू हरवून राहिला," ती म्हणाली.

"हरवेल कसा? प्लेटवर भरगच्च वाढलाय."

"वाढला म्हणूनच तर." तिने फळ्यावर एक रेघ काढली. "याचं गुणसूत्र दोरीसारखं सरळ असतं, सर. दोन टोकांचं. टोकं कच्ची असतात, कधी कधी गळून पडतात. औषधाची सगळी जनुकं टोकाशीच आहेत. ज्याचं टोक गळलं त्याला औषध बनवायचा खर्च नाही, सगळं अन्न अंगी लागतं. तो टपोरा होतो, पांढरा होतो. जो औषध बनवतो तो बारका राहतो, सुरकुततो. आणि तुम्ही दर सोमवारी..." ती थांबली.

"बोल."

"टपोराच उचलता."

करिश्माने मान खाली घातली. दुसरं कुणीतरी हसलं, किंवा मला तसं वाटलं.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "एका प्लेटवरच्या सगळ्या कॉलन्या एकाच आईच्या असतात. हे मी बी.एस्सी.ला शिकवतो. तुलाही शिकवलं होतं. आपल्या हातून काम बिघडलं की दोष गुरूच्या हाताला द्यायचा, हे मात्र शिकवल्याचं आठवत नाही."

"दोष नाही देऊन राहिले, सर. अजून वेळ आहे. फक्त सोमवारची प्लेट मला..."

"पुढचा महिनाभर विभागातली सगळी वापरलेली भांडी तू धुशील. सगळ्यांची. करिश्माची पण."

मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "धुते." मग सिंककडे गेली आणि तिथेच सुरुवात केली. पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता. संध्याकाळी बैलांची मिरवणूक पाहताना मन शांत होतं. शिस्त लावणाऱ्याला आधी स्वतःलाच दुखतं.

३ सप्टेंबर

माझी बायको शालू ताट वाढताना म्हणाली, "बाजारात तुमची रागिणी भेटली. हात पाह्यले का तिचे? साबनानं सोलले. नखाशी रक्त हाय."

मी म्हणालो, सेवा आहे.

"कोनाची?"

"कामाची."

"एकदा 'चांगलं केलं' म्हना तिले. काय जाते तुमचं?"

"उपाशी ठेवल्याशिवाय..."

"हो, ते जंतूचं मले नका सांगू. पोरगी जंतू हाय का?" ती ताटासमोरून उठली. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "अन् तुमच्या मायच्या विरजनाचं सांगता सगळ्याइले. त्या दर दोन-चार महिन्याइनं शेजारच्या आशाबाईकून नवं मागून आनत. मले माईत हाय. तुमाले सांगू नको म्हनत."

बायकांना सासूबद्दल असं बोलायची सवयच असते. आईच्या फोटोसमोर दिवा लावला.

११ सप्टेंबर

आज एक गोष्ट सापडली. लॅबमधल्या छोट्या फ्रीजमध्ये, बर्फ जमतो त्या कप्प्यात अगदी मागे, रुमालात गुंडाळलेली एक नळी. चिठ्ठीवर रागिणीच्या अक्षरात 'मूळ, जुलै'. आत गोठलेलं पिवळट काहीतरी.

मी नको म्हटलेलं असताना ठेवलं. माझ्या पाठीमागे. इतके दिवस माझ्यासमोर मान खाली घालून भांडी धुतली आणि इथे हे.

नळी हातात धरून बराच वेळ उभा होतो. खूप राग आला होता आणि रागात काही करायचं नाही असा माझा नियम आहे. म्हणून खोलीत गेलो, माळ ओढली. राग गेला. मग शांतपणे जाऊन नळी वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये इतर कचऱ्याबरोबर ठेवली आणि झाकण आवळलं. वाफेचा दाब चढेपर्यंत तिथेच थांबलो. शिट्टी झाली तेव्हा हलकं वाटलं. तिला खोटेपणाची सवय लागण्याआधीच ती वाट बंद केली. हे मी तिच्यासाठी केलं.

१२ सप्टेंबर

तिने दुपारी फ्रीज उघडला. मी दारातून पाहत होतो. तिने आधी वरचं सामान काढलं, मग खालचं, मग बर्फ हाताने खरवडला. मग जमिनीवर बसली.

मीच सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"सर, तेवढंच होतं," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, "सर, तेवढंच होतं ना."

"जे नियमाबाहेर होतं ते गेलं. जे आहे त्यावर काम कर."

"जे आहे ते मेलेलं हाय सर! वाढते, पन मेलेलं हाय!" पहिल्यांदाच ती माझ्याशी निव्वळ घरच्या बोलीत बोलली. "काहून केलं तुमी असं? मले हानलं असतं तं चाललं असतं!"

मी तिला सकाळचा प्रसाद दिला. तिने हात पुढे केला नाही. साखर टेबलावर ठेवली. संध्याकाळी मुंग्या लागल्या होत्या.

१६ सप्टेंबर

रागिणी मूर्तिजापूरला जाऊन पिशवीभर माती घेऊन आली. नव्याने शोधते म्हणते. एका चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू. शोधायलाच तिला पहिली दोन वर्षं लागली होती आणि कुलूप मोडायला आणखी. तरी मी अडवलं नाही. भूक लागली आहे तिला. आता काय ते बाहेर येईल.

२१ सप्टेंबर

काही बाहेर आलं नाही.

२४ सप्टेंबर

नवरात्राचा तिसरा दिवस. नऊही दिवस फक्त दूध आणि फळं घेतो. आज डॉ. हर्षा निंभोरकर अकोल्याहून आल्या. स्पष्ट बोलणाऱ्या बाई आहेत. चहासुद्धा नको म्हणाल्या, आधी प्लेट दाखवा.

रागिणीने तीन प्लेटा ठेवल्या. पू करणारा जंतू सगळीकडे, आपल्या जंतूच्या अगदी अंगाला लागून. कुठेही वर्तुळ नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेल्या नमुन्याची आम्ही अकोल्याला जनुकतपासणी करून घेतली. जे जनुक मोडलं म्हणता ते यात नाही. त्याच्या शेजारची औषधाची जनुकंही नाहीत. तो अख्खा तुकडाच नाही."

"टोक गळलं, मॅडम," रागिणी म्हणाली.

"असं होतं. मी पाहिलंय. सारखं सारखं नव्या प्लेटवर घेतलं की होतं. म्हणूनच मूळ गोठवून ठेवतात. तुमचं मूळ कुठे आहे?"

रागिणीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरांनी ऑटोक्लेव्ह केलं."

बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "एक नळी होती. परवानगीशिवाय ठेवलेली. तिच्यात काय होतं हे आता कोण सांगणार?"

हे खरंच होतं. उपासात मी खोटं बोलत नाही.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. तिच्या जुलैच्या फोटोंकडे पुन्हा पाहिलं. "फोटो चांगले आहेत. पण फोटो कशाचेही असू शकतात." मग मला विचारलं, "सर, मी सरळ विचारते. जुलैमध्ये हे वर्तुळ तुम्ही स्वतः पाहिलं होतं का? तुम्ही गाईड आहात. तुम्ही हो म्हणालात तर मी मुदतवाढीची शिफारस करीन. ही मुलगी मातीतून पुन्हा शोधेल. मला तिचं काम खोटं वाटत नाही."

काय काय मनात आलं ते प्रामाणिकपणे लिहितो. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग हरवलं कसं? दर सोमवारी प्लेट कोण करत होतं? आईचं विरजण आठवलं. फळ्यासमोर उभी असलेली रागिणी आठवली, आणि ते कुणीतरी हसलेलं. पण या कशामुळे मी उत्तर दिलं असं नाही. मी फक्त शब्द नीट निवडले.

"मला एक प्लेट दाखवली होती," मी म्हणालो. "तिच्यावर कोणता जंतू होता हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"सर!" रागिणी उभी राहिली. "खिडकीशी धरली होती तुमी. तुमीच म्हणाले, निंबाचं झाड दिसते म्हणून."

"झाड तर रोजच दिसतं," मी म्हणालो.

मग तिने तिन्ही प्लेटा उचलल्या, नीट एकावर एक ठेवल्या, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता माझ्या टेबलावर, देवाच्या फोटोसमोर ठेवून निघून गेली. बाईंनी कागद भरला. नोंदणी रद्द. कारणाच्या जागी 'निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत' असं लिहिलं. जाताना चहा विचारला, पुन्हा नको म्हणाल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही, पण त्यांना अकोल्याची गाडी गाठायची घाई असावी.

रात्री फक्त दूध घेतलं. शालू बोलत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

वाटलं होतं यंदा झेंडू विकत आणावे लागतील. पण सकाळीच चंद्रभान दारात. धुतलेलं धोतर, डोक्यावर फुलांचं गाठोडं. दर दसऱ्याला रागिणी आणायची तेवढंच, किंवा थोडं जास्तच.

फुलं पायरीवर ठेवली आणि खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागे झालो.

"माफ करा जी सर. पोरगी लबाड निंगाली. आमी अडानी मानसं, आमाले वाटलं खरंच गोल पडला. पंचक्रोशीत सांगून बसलो. तुमचं नाव खराब झालं आमच्या पाई."

शालू मागे दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं. मी आधी बोललो.

"चुका होतात. मी मनात ठेवलेलं नाही. ती कशी आहे?"

"फुलं तोडते. हे तिनंच तोडले. बोलत नाई. म्या दोन ठेवून देल्या तिले, बोल म्हटलं, काहून लबाड बोलली, तं म्हने, 'बाबा, निंबाचं झाड दिसत होतं.' एवढंच म्हनते. डोक्यावर परिनाम झाला का जी?"

"वेळ द्या," मी म्हणालो. "उपास-तापास करायला सांगा. मन थाऱ्यावर येईल."

त्यांनी आपट्याचं पान हातात दिलं. "सोनं घ्या जी." मी घेतलं. तोरणासाठी फुलं शालूला दिली, तिने हात पुढे केला नाही, फुलं उंबऱ्यावर सांडली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तोरण मीच केलं. झेंडू यंदा फार गर्द रंगाचे आहेत. एकही फूल किडकं नव्हतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पूजा आटोपून विभागात. करिश्मा आता माझ्याकडे काम करणार. हा जंतू पुढे तीच चालवील. हुशारीला बेताची आहे, पण सांगितलेलं ऐकते.

सोमवारची प्लेट उघडली तर झाकणाची फट राहिली असावी. हवेतला कुठलातरी जंतू आत पडून पाण्यासारखा पसरला होता. आमच्या टपोऱ्या पांढऱ्या कॉलनीच्या कडेपर्यंत आला होता, कडेवर चढला होता, आणि अर्धी कॉलनी त्याच्याखाली गेली होती. आमच्या जंतूने त्याला जरासुद्धा अडवलं नव्हतं.

"ईऽ, खाऊन राहिला त्याले," करिश्मा म्हणाली.

मी मात्र पाहत राहिलो. किती शांत होता तो. पांढराशुभ्र, गुळगुळीत, अंगावर दुसरा चढतो आहे तरी कुणाबद्दल विष नाही. माणसाला असं होता आलं पाहिजे. बाहेर कडुनिंबाची पानं हलत होती.

"फेकू का सर?"

"नको. न लागलेल्या बाजूने घे," मी तिच्या हातात लूप दिली. "त्यातली सगळ्यांत सुबक पाहून उचल."

तिने बरोबर उचलली.